काचेतले माळरान

शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांच्या नावापुढे १ जून ही जन्मतारीख आपल्याच अखत्यारीत लिहून टाकली, अशा असंख्य सरकारी नोकरांपैकी मी एक असल्यामुळे, महसूल खात्यात सदतीस वर्षे कलम घासून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून मी उठलो तो ३१ मे रोजी. आणि त्या दिवशी निरोपसमारंभात शाल, श्रीफळ व चांदीचा मुलामा दिलेली गणेशमूर्ती या रिवाजी वस्तूंच्या जोडीला कचेरीतल्या तरुण मंडळींनी माझ्या हाती एक काचेचा गोळा ठेवला. आकाराने मध्यम कलिंगडाएवढा, वर बोंडाचे घट्ट बसणारे काचेचे झाकण, आणि आत पांढऱ्या वाळूच्या व निळ्या रंगीत खड्यांच्या थरांवर पाच चिमुकली मांसल झाडे: दोन कमळासारखी, एक झेब्र्याच्या पट्ट्यांचे, एक पोपटी मण्यांचे, आणि एक हिरव्या दांड्यावर लाल टोपी चढवलेला निवडुंगाचा प्रकार. सोबतच्या छापील चिठ्ठीवर हे ‘सक्युलंट टेरारियम’ असून आठवड्यातून दोनदा पाणी घालावे, असा आदेश होता. सरकारी नोकराला लेखी आदेश मिळाला की त्याच्या बुद्धीला रजा मिळते. त्यामुळे मी तो तंतोतंत पाळला.

जून सरला, आषाढातली झड लागली, आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्या गोळ्यात एकही जीव शिल्लक नव्हता. जुन्या सवयीने मी पंचनामा केला. कमळांची पाने भिजलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक होऊन बोट लावताच गळून पडत होती. पोपटी मण्यांचा देठ मातीच्या पातळीला काळा पडला होता. पट्टेरी झाडाच्या पोटात कापसासारखी बुरशी वसतीला आली होती. आणि लाल टोपीचा गडी एका कुशीवर कलंडून पडला होता. झाकण काढताच जो दर्प आला त्याचे वर्णन दिवाळी अंकात करणे औचित्याला सोडून होईल. काचेच्या आतल्या बाजूने मात्र दवाचे टपोरे थेंब अतिशय सुंदर दिसत होते. “अहो, तुम्ही त्यांना पाणी नाही, रोज न्हाऊ घालत होता,” असा निवाडा आमच्या घरातून तत्काळ मिळाला. निवाड्यातला ‘रोज’ हा शब्द अतिशयोक्तीचा होता, हे एवढे कागदावर नमूद करून मी तो मान्य केला.

पण चिठ्ठीचा हुकूम पाळूनही पाच जीव जातात तर हुकमातच काही खोट असली पाहिजे, ही शंका मनातून जाईना. निवृत्त माणसाजवळ वेळेची शिल्लक मोठी असते. ती मी या दफ्तराच्या मुळाशी जाण्यात खर्च करायचे ठरवले. आणि मुळाशी जो मनुष्य भेटला, तो निवडुंगाचा नव्हे तर नेच्यांचा वेडा निघाला.

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात, गोद्यांच्या शेजारी वेलक्लोज चौकात वैद्यकी करणारा डॉक्टर. आपल्या आवारात दगडांची रचना करून त्यावर नेचे वाढवावेत, ही त्याची हौस. परंतु दगडी कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या वस्तीत नेचे जगेनात. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवला व वर झाकण लावले. कोशातून पतंग बाहेर येण्यापूर्वीच त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवलेले त्याला दिसले. दिवसा उन्हाने मातीतली ओल वाफ होऊन वर जाई, काचेवर तिचे थेंब होत, रात्री ते ओघळून पुन्हा मातीत उतरत. बाहेर आवारात ज्या नेच्याला तो जपून जगवू शकला नव्हता, तोच नेचा बाटलीत धुरापासून सुरक्षित, पाण्याचा एक थेंबही न मागता वाढत होता. अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवलेली ती बाटली जवळजवळ चार वर्षे हिरवी राहिली. आणि पुढे तिचा अंत झाला तो डॉक्टर गावाला गेले असता झाकण गंजून आत पावसाचे पाणी शिरल्यामुळे! हे वाचताना मला माझ्या गोळ्याची आठवण होऊन त्या गोऱ्या डॉक्टराविषयी एक प्रकारचा बंधुभाव वाटला, हे कबूल केले पाहिजे.

या बाटलीची पुढची कैफियत थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या देशाच्या दारापर्यंत येते. १८३३ साली वॉर्डने नेचे व गवत भरलेल्या दोन काचपेट्या जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवून सिडनीला रवाना केल्या. त्या सुखरूप पोचल्या आणि परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातली झाडे घेऊन आल्या. तोवर समुद्रमार्गे पाठवलेली रोपे खाऱ्या तुषारांनी आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने बहुतांशी वाटेतच मरत. आता मात्र साम्राज्याच्या हाती एक नवीन वाहन आले. रॉबर्ट फॉर्च्यूनने ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत राहून चीनमधली चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. दक्षिण अमेरिकेतला सिंकोना १८६० नंतर निलगिरीत आला तोही काचेआडूनच, आणि त्याचा एक प्रयोग महाबळेश्वरानजीक लिंगमळ्यालाही होऊन फसला. सिंकोनाच्या पहिल्या खेपेचे तांबड्या समुद्राच्या उष्म्यात फार नुकसान झाले. काच थंडी व धूर अडवते, पण ऊन आत घेऊन ते सोडत नाही, हा तिचा दुसरा स्वभाव त्या वेळीच दिसून आला होता. इंग्लंडात काचेवरची जकात १८४५ साली उठल्यावर या पेट्या दिवाणखान्यात शिरल्या, आणि आजच्या टेरारियमची वंशावळ तेथूनच सुरू होते.

म्हणजे झाकणाची काच जन्माला आली ती ओलाव्यावर जगणाऱ्या नेच्यासाठी. ज्याच्या साऱ्या शरीराची घडण ओलावा नसण्याच्या बोलीवर झाली आहे, त्या झाडाला याच काचेत कोंडायचे, वर झाकण लावायचे, आणि त्या झाकणावर आठवड्यातून दोनदा पाण्याचे फर्मान चिकटवायचे, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. पण तिने आजवर जेवढ्या मांसल झाडांचा घात केला असेल तेवढा दुष्काळानेही केला नसावा.

या झाडांची घडण किती निराळी आहे, याचा पुरावा मला आमच्याच गच्चीवर, तुळशीवृंदावनामागे उगवलेल्या पानफुटीत मिळाला. पानफुटी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती मूळची मादागास्करची, हे सांगितले तर आमच्या शेजारच्या आजींना तो अपमान वाटेल. मूतखड्यावर तिचे पान द्यावे, असे त्या सांगतात. ते खरे-खोटे वैद्यांनी ठरवावे. मला तिची माहिती हवी होती ती बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी. मद्रासेकडे कंपनीच्या सेवेत असलेल्या या गृहस्थाने पानफुटीचे पान निरनिराळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते अतिशय आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, असे त्याने लंडनला पत्राने कळवले, व ते पत्र १८१५ साली छापून आले. मी खात्री करून घेतली. पहाटे साडेपाचला कंदील नव्हे, मोबाइलचा दिवा घेऊन गच्चीवर गेलो, पानाचा बारीकसा तुकडा जिभेला लावला, आणि चुक्याच्या भाजीची आठवण झाली. त्याच झाडाचे पान दुपारी तीनला चाखले तर पाण्याहून वेगळे काही नव्हते.

याचे कारण असे. सामान्य झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडी ठेवून हवेतला कर्बवायू आत घेतात, आणि त्याच दारांनी त्यांच्या अंगातले पाणी वाफ होऊन उडून जाते. ज्या मुलखात पाण्याचा दुष्काळ, तेथे हा व्यवहार परवडणारा नाही. म्हणून पानफुटी, निवडुंग व त्यांचे भाऊबंद दिवसा दारे बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कर्बवायू मॅलिक नावाच्या आम्लाच्या रूपाने, म्हणजे कच्च्या सफरचंदाला जे आंबट करते त्याच्याच रूपाने, पेशींत साठवून ठेवतात, आणि दिवस उगवला की दारे लावून घेऊन, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्या साठ्यातून आपले अन्न शिजवतात. पहाटेचा आंबटपणा म्हणजे रात्रीची जमा, दुपारचा बेचवपणा म्हणजे दिवसाचा खर्च. इतका काटेकोर जमाखर्च मी सदतीस वर्षांत एकाही तालुक्याच्या खात्यात पाहिला नाही. आणि असल्या काटकसरी गृहस्थाच्या मुळाशी पाणी तुंबवून, वर दमट हवेचे पांघरूण घातले म्हणजे काय होणार? मुळांना श्वास मिळत नाही, ती कुजतात, कुजलेल्या मुळांत बुरशी शिरते, आणि पाण्याने आधीच भरलेली पाने फुटतात. वरून पाहणाऱ्याला सुकल्यासारखे वाटते म्हणून तो आणखी पाणी घालतो. ही अखेरची पायरी मी स्वतः चढलो असल्याने तिच्याविषयी अधिकाराने लिहू शकतो.

भाद्रपदात एके सकाळी मी सोलापूर रस्त्याने निघालो. हडपसर मागे टाकून लोणी काळभोर ओलांडले की सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिका लागतात. गुलाब, जास्वंद, शोभेचे पाम, फळझाडांची कलमे, असा तो हिरवा बाजार मैलोगणती पसरला आहे. त्यातल्या एका रोपवाटिकेत, पावसापासून वर प्लॅस्टिकचे छत घातलेल्या एका कोपऱ्यात, केवळ मांसल झाडेच मांडली होती. मालक पस्तिशीचे, हात कोपरापर्यंत मातीचे. मी गोळ्याची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “काका, ही झाडं उपाशी मरत न्हाईत, खाऊन मरतात.”

मग त्यांनी मला जो धडा दिला तो मी मुद्दाम विस्ताराने देतो, कारण घरोघरी काचेच्या भांड्यात झाडे लावणाऱ्या मंडळींची सर्वांत मोठी गैरसमजूत त्याने दूर होते. भांड्याला तळाशी भोक नसेल तर खाली खड्यांचा थर द्यावा म्हणजे पाण्याचा निचरा होतो, असे सगळेच सांगतात. माझ्या निळ्या खड्यांचेही प्रयोजन तेच होते. मालकांनी भांडी घासायचा एक आयताकृती स्पंज बादलीत बुडवून काढला आणि तळहातावर आडवा धरला. थोडे पाणी गळले आणि थांबले. तोच स्पंज त्यांनी उभा धरला, तेव्हा पुन्हा पाणी गळू लागले. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढल्याबरोबर वजनाने पाणी खाली उतरले. मातीचेही असेच. बारीक माती आपल्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते आणि खाली भरड खडे असले तरी ती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत खड्यांच्या पोकळीत थेंबही सोडत नाही. म्हणजे खड्यांचा थर दिला की ओला चिखल खाली जाण्याऐवजी उलट वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. “मग खडे घालूच नयेत का?” मी विचारले. “घाला की,” ते हसून म्हणाले, “काचेतनं तळाला पाणी साचलेलं दिसतंय, एवढाच त्यांचा उपेग. दिसलं की हात आखडायचा.” खड्यांवर लाकडी कोळशाचा थर देण्याची जी चाल आहे, तिच्याविषयीही त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते, कोळसा काही दिवस वास शोषतो, पण कुजलेल्या मुळाला तो संजीवनी देत नाही.

निचऱ्याची खरी तजवीज खाली नसून मातीतच असते, आणि इथे आपल्या दख्खनला निसर्गाने एक अशी वस्तू फुकट दिली आहे की परदेशातून पिशवीबंद येणाऱ्या प्युमिस व पर्लाइटकडे पाहायचे कारण उरू नये. ती म्हणजे मुरूम. कातळ झिजून, भुगा होण्याच्या वाटेवर असतानाच जो तांबूस, खडबडीत, हाताला रवाळ लागणारा पदार्थ डोंगरउतारावर सापडतो, त्याच्या प्रत्येक कणात हवा असते व पाणी थांबत नाही. आपली काळी जमीन नेमकी याच्या उलट. कापसाला व ज्वारीला ती माउली. पण तिचा चिकण कण पाणी पिऊन फुगतो, सुकला की भेगा पडतात, आणि कुंडीतल्या मांसल झाडाला ती दोन्ही अवस्थांत मारते. मालकांचे प्रमाण असे होते: दोन वाट्या चाळलेला मुरूम, एक वाटी विटांचा चुरा, एक वाटी चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत. मुरूम ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक नको आणि हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठा नको. चाळणीखाली पडलेली धूळ टाकून द्यायची, नाही तर तीच पुढे चिखल होते. समुद्राची वाळू चुकूनही घालू नये, तिच्यात मीठ असते. नदीच्या वाळूविषयी त्यांनी काही सांगितले नाही, आणि ज्या नदीपात्रांचे मी सदतीस वर्षे पंचनामे केले, त्यांच्याविषयी मीही विचारले नाही.

परतताना मी बुधवारच्या जुन्या बाजारात गेलो, कारण मला आता गोळा नको होता, ताट हवे होते. पुण्याच्या या बाजारात पितळी समया, बिघडलेले रेडिओ, गंजलेले पान्हे यांच्या गर्दीत काचेची भांडी मिळतातच. मला एक जाड काचेचे, सुमारे पंचवीस सेंटिमीटर रुंद व बारा सेंटिमीटर खोल, सपाट तळाचे भांडे मिळाले, आणि त्याच विक्रेत्याकडे किराणा दुकानात एके काळी गोळ्याबिस्किटे ठेवीत तशी एक रुंद तोंडाची झाकणाची बरणीही मिळाली. बरणीचे काय करायचे ते पुढे सांगतो. काचेला भोक पाडून घेण्याचा विचार होता. पण काच कापणाऱ्या कारागिराने हिरकणी बाजूला ठेवून भांड्याची जाडी बोटाने तपासली आणि मान हलवली. “तडकेल,” एवढेच तो म्हणाला. तेव्हा बिनभोकाच्या भांड्याला पाणी मोजूनच द्यायचे, हे ठरले.

झाडांच्या निवडीत मी दुसऱ्यांदा फसणार होतो, तो थोडक्यात वाचलो. कमळासारखी दिसणारी एचेव्हेरिया सर्वांना मोहात पाडते. मेक्सिकोच्या एका वनस्पतिचित्रकाराचे नाव मिरवणारी ही झाडे भरपूर उन्हाची लेकरे. घरात आणली की प्रकाशाच्या शोधात त्यांचा दांडा ताणू लागतो, पाने विरळ होतात आणि दोन महिन्यांत कमळाचा पानकोबी, व पानकोबीचा ताडमाड होतो. घरातल्या उजेडात टिकतात ती हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया, दोघीही दक्षिण आफ्रिकेच्या, झुडपांच्या किंवा खडकांच्या सावलीत वाढणाऱ्या. माझ्या पट्टेरी झाडाचे कूळही हेच. त्यांच्या सोबतीला ठेंगणी सॅन्सिव्हेरिया चालते. लाल टोपीचा निवडुंग, ज्याला बाजारात मोठी मागणी आहे, तो मुळात एक झाड नसून दोन आहेत: वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे तो स्वतःचे अन्न करू शकत नाही, आणि खालच्या हिरव्या त्रिधारी निवडुंगावर कलम करून त्याला परान्नावर पोसावे लागते. असे आश्रित सहसा दीर्घायुषी नसतात. मालकांनी त्याच्याबद्दल हात जोडले आणि कालिंपोंगहून आलेल्या काटेरी निवडुंगांकडेही मला वळू दिले नाही. त्यांना कडक ऊन लागते, हॉवर्थियाला सावली, आणि दोघांना एका काचेत ठेवणे म्हणजे दोन सुनांना एका चुलीवर ठेवण्यासारखे, असे त्यांचे म्हणणे.

काटेरी झाडांबद्दल आमच्या शेजारच्या आजींचा आक्षेप वेगळाच होता: काटेरी झाड घरात लावू नये, भांडणे होतात. त्यांना मी फड्या निवडुंगाची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेहून आलेला निवडुंग आपल्याकडे शेतांच्या बांधांना कुंपण म्हणून लावला गेला आणि पुढे कुंपण सोडून शेतच घेऊ लागला. १७९५ साली ब्राझीलहून किरमिजी रंग काढण्याच्या हेतूने एक किडा बंगालला आणला गेला; तो निघाला भलत्याच जातीचा, रंग फारसा मिळाला नाही, पण त्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या एका जातीच्या निवडुंगाचा बंदोबस्त व्हायला १९२६ साली सिलोनहून दुसरा किडा आणावा लागला. आजींनी हे सगळे ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे भांडणं झालीच की!”

लागवडीची कृती अशी झाली. झाडे पिशवीतून काढून मुळांची जुनी माती हलक्या हाताने झाडली, मोडकी मुळे कात्रीने कापली आणि चार दिवस वर्तमानपत्रावर सावलीत पसरून ठेवली, म्हणजे जखमा कोरड्या होतात. पाने तुटून पडली ती फेकली नाहीत. तीही सुकवून मुरमावर नुसती आडवी ठेवली, आणि त्यांतल्या दोन गॅस्टेरियांच्या पानांनी काही महिन्यांनी तळाशी केसाएवढी मुळे काढली. भांड्यात मिश्रण कोरडेच भरले, मधोमध उंच व कडेला उतरते, कारण सपाट माती पाणी एका जागी धरते. झाडे लावून वर मुरमाचेच थोडे मोठे खडे पसरले; रंगीत खड्यांचा रंग उतरतो, आणि संगमरवराचे पांढरे तुकडे मातीला क्षारट करतात. आठ दिवस पाणी नाही. त्यानंतर औषधाच्या दुकानातून आणलेल्या वीस मिलिलिटरच्या सिरिंजने, सुई काढून, कडेकडेने दोन वेळा भरून घातले, पानांच्या कमळात एकही थेंब पडू न देता. पुन्हा केव्हा घालायचे, याची खूण मालकांनी सांगितली होती: उदबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढायची, तिला माती चिकटली तर हात परत घ्यायचा. हिवाळ्यात ती काडी मला तीन आठवड्यांनी कोरडी मिळते, आणि पावसाळ्याचे चार महिने मी सिरिंज कपाटात कुलुपात ठेवतो. कुलूप माझ्यासाठी आहे.

भांडे पूर्वेच्या खिडकीत ठेवले आहे. सकाळचे नऊ वाजेपर्यंतचे ऊन त्याला मिळते. एप्रिलमध्ये एकदा ते दुपारी पश्चिमेच्या गॅलरीत राहिले, आणि काचेला टेकलेल्या पानाचा तेवढाच भाग उकडल्यासारखा पांढरा पडला; तांबड्या समुद्रातल्या सिंकोनाची आठवण मला तेव्हा झाली. एक शत्रू मात्र काच, झाकण, ऊन यांपैकी कशालाही जुमानत नाही. पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले तर ती बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण होय. कापूस गुंडाळलेली काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपावा लागतो, आणि हे काम दर आठवड्याला चिकाटीने करावे लागते. वसुलीच्या कामाचा अनुभव इथे मला उपयोगी पडला.

हे सारे झाल्यावरही एक गोष्ट खटकत होती. भांड्यातला मुरूम सह्याद्रीचा. झाडे मात्र सगळी आफ्रिकेची. आपल्या मुलखात अशी झाडे नाहीत काय? शेर, कोरफड, निवडुंग ही नावे सुचतात, पण काचेच्या भांड्यात मावेल असे काही? वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्या फिरण्याच्या सोबत्यांपैकी आहेत. ते म्हणाले, दाखवतो, पण एका अटीवर: जागेचे नाव कुठे छापायचे नाही. ती अट मी पाळतो आहे. जुन्नरच्या डोंगरांत, एका किल्ल्याच्या उभ्या कड्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस त्यांनी मला दुर्बिणीतून ‘शिंदळ माकुडी’ दाखवली. कातळाच्या भेगेत, जिथे चिमूटभर माती व पुष्कळ उतार, तिथून तिचे मांसल, लोंबते देठ खाली आले होते. त्यांना पावसाळी हिरवी पाने होती आणि मध्ये मध्ये किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची फुले. तिच्या भाऊबंदांना पाने नावालाच असतात. हिला पावसाळ्यात खरी रुंद पाने येतात आणि उन्हाळ्यात ती टाकून देऊन देठावर जगते. फुलाला कुजकट वास असतो, तो माशांना बोलावण्यासाठी. मुंबई इलाख्याचे जंगल अधिकारी डॅल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले व १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले: फ्रेरिया इंडिका. जगात ती फक्त महाराष्ट्राच्या मोजक्या डोंगरांत उगवते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातल्या अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत तिची गणना केली होती.

गंमत अशी की ही दुर्मिळ वनस्पती लावायला कठीण नाही. देठाचा तुकडा सुकवून मुरमात रोवला तर छाट कलम सहज मुळे धरते; म्हणून जगभरच्या संग्राहकांच्या काचघरांत ती सुखाने नांदते आहे, आणि आपल्या कड्यावर मात्र दरडी, वणवे व चरणाऱ्या शेळ्या यांच्या दयेवर लटकते आहे. प्राध्यापकांनी तिचा एकही देठ मला तोडू दिला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात गारगोटीएवढी मांसल झाडे चोरून उपटून परदेशी विकली जातात आणि त्यांपायी संपूर्ण टेकड्या उघड्या पडल्या आहेत, हे त्यांनी मला तिथेच, उन्हात उभे राहून सांगितले. जिज्ञासूने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जावे. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचा व हिच्यासारख्या त्यांच्या नातलगांचा तिथे चांगला प्रतिपाळ झालेला आहे. मी परत आलो तो एक गोष्ट पाहून: ज्या कड्यावर ती वाढते, तिथे पाऊस आमच्या गच्चीवर पडतो त्याहून कितीतरी अधिक पडतो. चार महिने ती भिजते. पण पाणी तिच्या मुळाशी क्षणभर थांबत नाही, आणि रात्रभर वारा तिच्या अंगावरून वाहत असतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी भांड्यातला मधला उंचवटा आणखी दोन बोटे वाढवला आणि भांडे खिडकीच्या कोपऱ्यातून काढून वाऱ्याच्या वाटेवर ठेवले.

जुन्या बाजारातल्या बरणीत आता गच्चीच्या भिंतीवरचे शेवाळ व ओल्या कोपऱ्यात उगवलेला एक नेचा आहे. तिचे झाकण मी कार्तिकात लावले ते अजून काढलेले नाही. वॉर्डच्या बाटलीची बरोबरी करायला अद्याप तीन वर्षे बाकी आहेत.

गेल्या महिन्यात कचेरीतली ती तरुण मंडळी घरी आली. भेट दिलेला गोळा त्यांनी ओळखला; शेजारच्या भांड्यातला मुरूम, हॉवर्थिया, दोन नवी रोपटी, सगळे पाहून त्यांना आनंद झाला. त्यांच्यातल्या एकीने गोळ्यावरचे झाकण कुठे गेले म्हणून विचारले, आणि मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच आतून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या आमच्या मंडळींनी सांगून टाकले, की ते दह्याच्या विरजणावर अगदी बेताचे बसते.